कोंड्याचं तेल सोलापुरात काढू नका, पेंडीचा धंदा मात्र नीट करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्शी रस्त्यावर तुमची दोन एक्सपेलरची, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रांची, गिरणी आहे, करडई आणि शेंगदाणा गाळता. मेव्हण्यांची कर्नाटकात गंगावतीजवळ राईस मिल आहे. त्यांच्याकडे कोंडा, तूस आणि कणी निघते, तुमच्याकडे पेंड आणि गाळ. हे सगळं एकत्र करून चिंचोळी एमआयडीसीत कोंड्याच्या, म्हणजे राईस ब्रान तेलाचा प्लांट टाकावा का, हातात पंचवीस लाख आहेत, असं तुम्ही विचारलंय.

दादा, आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी नऊ वर्षं एका सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे द्रावणात विरघळवून तेल काढणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये होते. रोज पन्नास-साठ नमुने तपासायचे, कोंड्याचे, पेंडीचे, तेलाचे. नंतर सासरची तेलगिरणी सांभाळायला घेतली आणि तिच्या पेंडीतून पशुखाद्य सुरू केलं, त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यामुळे माल घेणारा काय बघतो आणि विकणारा कुठे फसतो, दोन्ही बाजू पाहिल्यात.

तुमचा प्रश्न यंत्राचा वाटतो, पण खरा प्रश्न मालाच्या वयाचा आहे. तुम्ही पाच वस्तू एका ओळीत लिहिल्यात. त्यातली कणी वर्षभर टिकते, तूस कोरडं ठेवलं तर कितीही दिवस टिकतं, पेंड काही आठवडे, गाळ चार-आठ दिवस आणि कच्च्या तांदळाचा कोंडा तासांच्या हिशेबात खराब होतो. जी वस्तू तासांत बिघडते तिच्यासाठी तुम्ही कारखाना सर्वांत लांब टाकायला निघालात.

कोंड्याचं नेमकं काय होतं ते सांगते. दाणा अखंड असतो तोवर तेल आणि ते तेल फोडणारं लायपेज नावाचं विकर वेगवेगळ्या थरांत असतं. पॉलिश होताना दोन्ही चुरडून एकत्र येतात आणि त्याच क्षणापासून तेल फुटायला लागतं. त्यातून जी मोकळी स्निग्धाम्लं तयार होतात, तीच रिपोर्टवर 'एफएफए' म्हणून दिसतात. उन्हाळ्यात हा आकडा दिवसाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी चढतो. दहाच्या वर गेलेला कोंडा खायच्या तेलासाठी परवडत नाही, कारण रिफाईन करताना तेलाची तूट फार येते. मग तो साबणाच्या तेलाच्या भावाने जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पशुखाद्य सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये, मी कर्नाटकातल्या एका मिलमधून नऊ टन कच्चा कोंडा घेतला. भाव चांगला मिळाला होता. भरताना नमुना काढला तेव्हा एफएफए चार. गाडी वाटेत बंद पडली, वर ताडपत्री घट्ट बांधलेली, माल तिसऱ्या दिवशी विजयपूरमार्गे सोलापुरात आला. पोत्यात हात घातला तर आत कोमट लागत होतं आणि जुन्या तळणाचा वास येत होता. तपासलं तर एकोणीस. तरीही पैसे अडकलेत म्हणून थोडा थोडा खाद्यात मिसळला. आठवड्यात मोहोळकडच्या एका गोठ्यातून पोती परत आली. मी स्वतः बघायला गेले. म्हैस घमेल्याजवळ यायची, नाक लावायची आणि दोन पावलं मागे सरायची. त्या शेतकऱ्याने परत माझा माल घ्यायला दोन वर्षं लावली.

आता हिशेब. मेव्हण्यांची मिल तासाला दोन टन साळ भरडते आणि दहा तास चालते असं धरू. दिवसाला वीस टन साळ. त्यातून तूस निघतं साधारण चार टन, म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा. कोंडा सहा ते आठ टक्के, म्हणजे सव्वा ते दीड टन. कच्च्या तांदळाच्या कोंड्यात तेल असतं पंधरा ते वीस टक्के. सगळं तेल हाती आलं तरी दिवसाला अडीचशे किलोच्या आसपास. आणि सगळं येत नाही. कोंडा पिठासारखा असतो, एक्सपेलरमध्ये तो दाब धरत नाही, तेलाबरोबर चिखलासारखा बाहेर येतो. म्हणून कोंड्याचं तेल हेक्झेन नावाचं द्रावण वापरून सॉल्व्हंट प्लांटमध्येच काढतात. तो प्लांट दिवसाला पन्नास-शंभर टन माल मिळाला तर चालतो. हेक्झेन ज्वालाग्राही आहे, त्याचे स्फोटक विभागाचे परवाने, अंतरं, आगीची व्यवस्था, पुढे रिफायनरी. पंचवीस लाखांत याचं कुंपणसुद्धा धड होणार नाही. सोलापूर जिल्हा ज्वारीचा, इथे भोवती राईस मिलही नाहीत की चार जणांचा कोंडा गोळा करता येईल.

मग कोंड्याचं काय? त्याची किंमत मेव्हण्यांच्या दारातच वाढवायची. पॉलिशरच्या शेजारी छोटा एक्स्ट्रूडर बसवा. त्यात कोंडा काही सेकंद सव्वाशे-एकशेतीस अंशांपर्यंत तापतो, विकर मरतं आणि माल दाण्यांच्या स्वरूपात बाहेर येतो. नीट वाळवून ठेवला तर काही आठवडे एफएफए जागचा हलत नाही. पीठ नसल्यामुळे सॉल्व्हंटवाल्यालाही तो सोयीचा पडतो. त्या पट्ट्यात कोंडा घेणारे प्लांट आहेत, त्यांना रिपोर्ट दाखवून भाव मागा. पण कोंडा निघाल्यावर तासाभरात एक्स्ट्रूडरमध्ये गेला पाहिजे. दिवसभराचा साठवून संध्याकाळी घातला तर जेवढा बिघडायचा तेवढा आधीच बिघडलेला असतो. यंत्र बिघाड थांबवतं, झालेला बिघाड उलटा फिरवत नाही.

यात एक गोष्ट परिस्थितीवर आहे. मेव्हणे उकडा तांदूळ करत असतील तर चित्र बदलतं. साळ उकडतानाच विकर बरंचसं मरतं, त्यामुळे तो कोंडा जास्त टिकतो आणि त्यात तेलही जास्त असतं, वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत. मग एक्स्ट्रूडरची घाई नाही. पण त्या कोंड्याला ओल असू शकते, तेव्हा बुरशीकडे लक्ष द्यावं लागतं.

सोलापुरात पशुखाद्यासाठी तुम्हाला कोंडा लागेलच, पण तो तेल काढलेला घ्या. त्यात तेल दीड टक्क्याच्या आत असतं, म्हणून खवट व्हायची भीती कमी, आणि प्रथिनं पंधरा-सोळा टक्के मिळतात. याच्या भावावर सरकारी निर्णयांचा फार परिणाम होतो. २०२३ च्या जुलैत केंद्राने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा देशातला भाव घेणाऱ्याच्या बाजूने झुकला होता. म्हणून या मालाचा साठा मी कधी महिन्याभराच्या वर करत नाही. घेताना दोन गोष्टी हातानेच बघा. तळहातावर चोळला तर चांगला कोंडा मऊ लागतो, तुसाची पूड मिसळली असेल तर टोचतो. आणि मूठभर माल पाण्याच्या ग्लासात ढवळून वरचं हळूच ओतून द्या. तळाला वाळू चकाकली तर गाडी परत पाठवा.

आता तुमच्या दारातल्या मालाकडे येते. माझ्या मते तुमचा खरा पैसा इथे आहे.

बहुतेक गिरणीवाले पेंड पोत्यावर विकतात. व्यापारी येतो, ढिगात हात घालतो, भाव सांगतो, आपण मान डोलावतो. पण त्या पेंडीत तेल किती राहिलंय हे तुम्हाला माहीत नसतं आणि त्याला मात्र अंदाज असतो. लाकडी घाण्याच्या पेंडीत आठ-दहा टक्के तेल सहज राहतं, एक्सपेलरच्या पेंडीत सहा ते आठ. तुमचा एक्सपेलर जुना असेल, वर्म म्हणजे आतला दाब देणारा स्क्रू झिजला असेल, तर दहासुद्धा राहत असेल. म्हणजे शंभर किलो पेंडीमागे तुम्ही दोन-तीन किलो तेल पेंडीच्या भावाने देऊन टाकताय. तुमची दिवसाला दोन टन पेंड निघत असेल तर हे चाळीस ते साठ किलो तेल झालं. कोंड्याच्या प्लांटचं स्वप्न बघण्याआधी हे तेल मोजा. दर आठवड्याला एक नमुना लॅबला पाठवा. तेल, ओल, प्रथिनं आणि वाळू, एवढे चारच आकडे. सहा आठवड्यांचे आकडे भिंतीवर चिकटवले की कुठला वर्म कधी बदलायचा हे आपोआप दिसतं. आणि व्यापाऱ्याशी बोलताना तुमच्या हातात कागद असतो.

करडईच्या पेंडीची अडचण वेगळी आहे. सोलापूरला करडईचं संशोधन केंद्र आहे, आपला हा भाग करडईचा जुना भाग आहे, तरी करडई पेंडीला सरकी पेंडीसारखा मान मिळत नाही. कारण साल. करडईच्या दाण्यात जवळजवळ चाळीस टक्के साल असते. सालीसकट गाळली की पेंडीत प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास राहतात आणि चोथा तीस टक्क्यांच्या वर जातो. साल काढून गाळली तर प्रथिनं चाळीसच्या वर जातात. मग सगळी साल काढायची का? नाही. मी करून पाहिलं. सगळी साल काढली की एक्सपेलरमध्ये माल घसरतो, दाब धरत नाही, तोंडातून लापशी यायला लागते. थोडी साल आत हवीच, तिनेच पकड येते. मी निम्म्याच्या आसपास साल काढते. काढलेली साल आमच्याच भट्टीत जाते आणि पेंड वरच्या दर्जाची म्हणून वेगळी विकली जाते. तुमच्या यंत्राला किती साल लागते हे तुम्हालाच पाच-सहा घाण्यांत शोधावं लागेल. दाण्याची जात आणि ओल यावर ते बदलतं.

शेंगदाणा पेंडीबद्दल मात्र कळकळीने सांगते, कारण इथे नुकसान आपल्यापुरतं राहत नाही. शेंगेला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. दाणे गाळले की तेलाबरोबर थोडंच जातं, बाकी सगळं पेंडीत राहतं आणि तेल निघून गेल्यामुळे पेंडीत त्याचं प्रमाण आणखी वाढतं. ती पेंड दुभत्या जनावराने खाल्ली की विष दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा एका किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, जनावरांच्या तयार खाद्यात वीस. डोळ्यांनी हे दिसत नाही, उकळून जात नाही. म्हणून काळे, सुरकुतलेले, हलके दाणे गाळण्याआधीच बाहेर काढा. पेंड निघाल्यावर गरम असताना पोत्यात भरू नका. रात्रभर पसरून गार होऊ द्या, नाहीतर पोत्याच्या आत घाम सुटतो आणि मधोमध हिरवट गोळा तयार होतो. थप्पी भिंतीपासून हातभर लांब, खाली लाकडी फळ्या. पावसाळ्यात ओल दहा टक्क्यांच्या वर दिसली तर ती पेंड आधी संपवा.

निवडक दाण्यांची, स्वच्छ घाण्याची ताजी पेंड माणसांच्या खाण्यातही चालते. आमच्या घरी सासूबाई घाण्यावरची कोमट पेंड गुळाबरोबर मुलांना द्यायच्या. सोलापूरची शेंगा चटणी जगभर जाते, तेव्हा कमी तेलाचं शेंगदाणा पीठ म्हणून हा माल चिक्की आणि लाडूवाल्यांना विकायला जागा आहे. पण ते करायचं तर अन्न परवाना, वेगळी खोली, वेगळी भांडी आणि प्रत्येक लॉटचा अफ्लाटॉक्सिन रिपोर्ट हवा. आणि पाकिटावर जे आहे तेच लिहायचं. जनावरांच्या पेंडीच्या शेजारी बसून हे होत नाही.

गाळाचं सोपं आहे. टाकीच्या तळाचा आणि फिल्टरचा गाळ त्याच दिवशी पुढच्या घाण्यात परत टाका, त्यातलं तेल निघून येतं. साठवलात तर चार दिवसांत आंबतो आणि मग साबणवाला म्हणेल त्या भावाला द्यावा लागतो.

आता पशुखाद्य, कारण तुमचे पंचवीस लाख कुठे लावायचे असतील तर इथे. जिल्ह्यात पंढरपुरी म्हशी आहेत, संकरित गाई आहेत, कडबा मुबलक आहे. कडब्याने पोट भरतं, पण दूध वाढत नाही. तेव्हा गिऱ्हाईक दारात आहे. खाद्यात लागतं ते एवढं: करडई पेंड, तेल काढलेला कोंडा, मका, सरकी पेंड, थोडी सोयाबीनची डीओसी (तेल काढून घेतलेली पेंड), मळी, खनिज मिश्रण आणि मीठ. प्रमाण मी इथे लिहीत नाही, कारण ते तुमच्या पेंडीच्या रिपोर्टवर ठरतं. सालीसकट करडई पेंड पंधरा टक्क्यांच्या पुढे नेली की चोथा मर्यादेबाहेर जातो. निम्मी साल काढली असेल तर वीसपर्यंत जाता येतं. वीस टक्के प्रथिनं गाठायची तर डीओसी लागतेच, तिच्यात पंचेचाळीसच्या वर प्रथिनं असतात. खाद्याचं भारतीय मानक आयएस २०५२ आहे, ते समोर ठेवूनच मिश्रण बांधा.

कोंडा स्वस्त आहे म्हणून वाढवत नेण्याचा मोह होतो. तो आवरा. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. हा तोल बिघडला की बोकडांना आणि बैलांना मुतखडा होतो. उस्मानाबादी बोकड पोसणारे दोन जण माझ्याकडे नुसता कोंडा मागायला यायचे. त्यांना मी चुनखडीचं प्रमाण सांगितल्याशिवाय कोंडा दिला नाही. मळीसाठी उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की मळी मिळण्याची अडचण नाही, पण कागद आधी करा.

तुसाचं गणित हलकं दिसतं आणि गाडीत अडकतं. एका घनमीटरमध्ये तूस भरतं शंभर ते एकशेवीस किलो. चाळीस घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला तरी माल साडेचार टनांच्या आसपास. म्हणजे दहा टनांच्या गाडीचं भाडं देऊन तुम्ही निम्म्याहून कमी वजन आणता. बॉयलरसाठी तूस चांगलं आहे, किलोला तीन ते साडेतीन हजार किलोकॅलरी, ओल्या बगॅसपेक्षा, म्हणजे उसाच्या चिपाडापेक्षा, बरंच जास्त. अक्कलकोट रोडच्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांत रंगाईला वाफ लागते, तिथे घेणारे मिळतील. पण गंगावतीहून आणलेल्या तुसाला भाडं धरून ते परवडेल का, हे आधी कागदावर बघा. मला वाटतं परवडणार नाही. पांढरा कोळसा, म्हणजे तूस दाबून जळणाच्या कांड्या, करायचा म्हणाल तर तुसातली वाळूसारखी सिलिका यंत्राचा स्क्रू आणि साचा खाऊन टाकते. शेंगेची टरफलं त्यासाठी पुष्कळ बरी.

एक गिऱ्हाईक मात्र जास्त भाव देतं, कोंबड्यांच्या शेडवाला. ब्रॉयलरच्या पिल्लांखाली दोन इंच तूस अंथरतात. त्याला कोरडं, बुरशी नसलेलं तूस लागतं, नाहीतर पिल्लांच्या छातीला त्रास होतो. तुसात कोंड्याची पूड राहिली तर तीच बुरशी धरते, म्हणून चाळून द्या. बॅच गेली की तेच तूस खत होऊन सांगोला-पंढरपूरच्या डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांत जातं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तूस पुरवताना खत परत उचलण्याचाही करार करतात. एकाच गाडीला दोन्ही वेळेला भाडं मिळतं.

तुसाच्या राखेबद्दल व्हिडिओ बघून पुष्कळ जण विचारतात, म्हणून एवढंच. जळाल्यावर वजनाच्या अठरा-वीस टक्के राख उरते आणि तिच्यात सिलिका पंचाऐंशी टक्क्यांच्या वर असते, हे खरं. पण सिमेंटमध्ये चालायला ती बेताच्या आचेवर, काळी न राहता जळलेली हवी. साध्या भट्टीची राख काळी निघते. शिवाय सोलापुरात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, वीटवाल्यांना फ्लाय अ‍ॅश तिथून मिळते. तुमची काळी राख ते विकत कशाला घेतील?

कणी विकायला अक्कल लागत नाही, चाळणी लागते. मोठी कणी इडली रव्याला, मधली पिठाला आणि पापडाला, बारीक कोंबडी खाद्याला. मेव्हण्यांनी तीन जाळ्यांची चाळणी लावली की तिन्हींना वेगळा भाव मिळेल. तुमच्या पशुखाद्यासाठी बारीक कणी मक्याच्या जागी थोडी चालते, तेव्हा मका महागला की ती आणा. ती टिकते, जड असते, भाड्याला परवडते. गंगावतीहून सोलापूरला आणण्याजोगी त्या पाच वस्तूंत हीच एक आहे.

पैशाबद्दल. पंचवीस लाखांतले निम्मे यंत्राला लावा, निम्मे हातात ठेवा. ग्राइंडर, मिक्सर, चाळणी, लोहचुंबक आणि वजनकाटा एवढ्यावर भुकटी खाद्य सुरू होतं. गोळीची यंत्रं दुसऱ्या वर्षी. चुंबक विसरू नका, पेंडीतून खिळे येतात आणि गाईच्या पोटात खिळा गेला की तिच्या जिवावर बेतू शकतं. निम्मे पैसे हातात का, तर खाद्याचा दुकानदार तीस दिवस म्हणतो आणि साठ दिवसांनी देतो, आणि मका-डीओसीवाला रोख मागतो. माझ्या डोळ्यांदेखत दोन चांगले कारखाने यंत्रं उत्तम असूनही या मधल्या महिन्यात बंद पडले. दूध संकलन केंद्रांना माल दिला तर दुधाच्या बिलातून कापून पैसे मिळतात, मी तिथूनच सुरुवात केली होती. कर्ज काढणार असाल तर पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीची बँकेत चौकशी करा, त्यात पशुखाद्य कारखान्याला व्याजात तीन टक्के सवलतीची तरतूद आहे.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात. मेव्हण्यांचा तांदूळ कच्चा की उकडा, त्यांचा रोजचा कोंडा प्रत्यक्ष काट्यावर किती भरतो, आणि तुमच्या दोन्ही एक्सपेलरच्या पेंडीत तेल किती राहतं. नमुने दोन्ही यंत्रांचे वेगवेगळे काढा, गिरणी सुरू झाल्यावर तासाभराने. पहिल्या अर्ध्या तासाची पेंड यंत्र तापेपर्यंतची असते, तिचा आकडा धरू नका.